वेशीचं पाणी

कोरेवाडीच्या तलावात मासा कुठे लागतो असं एखाद्या परक्यानं विचारलं, की तिथला भोई उलट विचारायचा, "कुणाच्या घरात?" परक्याला वाटायचं, हा आपली टिंगल करतोय. पण ती टिंगल नव्हती. औंध संस्थानात मोठ्या दुष्काळात हा तलाव बांधला, तेव्हा जुनी कोरेवाडी सगळीच्या सगळी त्याच्या पोटात गेली. शेतकऱ्यांना माळावर जमिनी मिळाल्या. भोयांना जमीन कधी नव्हतीच, त्यांना पाणी मिळालं. त्यांच्यातल्या जाणत्यांनी एक रीत घालून दिली. ज्याचं घर खाली, त्याचं पाणी वर. ज्याच्या भिंती जिथं बुडाल्या, त्यानं तिथंच जाळं टाकायचं. दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही, मग ते घर तीन पुरुष खोल पाण्याखाली का असेना.

चावडी तेवढी सगळ्यांची. तिथं शिंगाळे मिळत, मिशा फेंदारून चिखलात बसलेले. पूर्वी चावडीवर बसणारेही असेच होते, असं म्हातारी माणसं सांगत. कुंभारवाड्याच्या फुटक्या रांजणांत खेकडे. मारुतीच्या देवळावर चांदीसारखी खवली मासळी खेळे, पण तिथं कुणी जाळं टाकत नसे. गावाच्या वेशीचे दगड अजून खाली उभे होते, त्यांच्या फटींत सापासारख्या लांब वामी राहत. वेशीचं पाणी नाथाजी भोयाचं. त्याला लागून चिंचेचं पाणी. तिथं जुनी विहीर होती आणि विहिरीवर झुकलेल्या चिंचेचं खोड होतं, हाताएवढ्या मुळ्यांसकट. त्या मुळ्यांत मरळी होत्या. मरळ म्हणजे माशांतला पाटील. ओल्या पोत्यात घालून नेली तर आटपाडीच्या बाजारापर्यंत जिवंत राहते आणि तिथं गेल्यावरही पोत्यातनं उडी मारून गिऱ्हाईकाच्या पायावर पडते. तलावातलं सगळ्यात चांगलं पाणी ते, आणि ते ज्ञानू भोयाचं. ज्ञानूच्या माघारी ते त्याच्या बायकोचं, रंगूबाईचं झालं. ते कसं झालं, त्याचीच ही गोष्ट आहे.

त्यासाठी आणखी एक रीत सांगायला हवी. वाऱ्यानं जाळं वाहत जाऊन दुसऱ्याच्या पाण्यात अडकलं, तर ते त्या पाण्याच्या धन्यानं सोडवून द्यायचं. खालची विहीर कुठे, दगड कुठे, हे ज्याचं त्याला ठाऊक. अडकलेल्यानं काठावरून हाक मारायची, "घरधनी हाय का घरात?" धन्यानं "हाय" म्हणून यायचं. आला नाही, तर त्याचं पाणी गेलं. मग धनी कमरेला धोंडा बांधून उतरे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. त्याच कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक जाळंवाल्याच्या हातात. दोन हिसके बसले की वर ओढायचं, कारण धोंड्याची भिजलेली गाठ खाली सुटत नाही. विळा-कोयता खाली न्यायचा नाही, कारण घाबरलेला माणूस आधी दुसऱ्याचं जाळं कापतो. तेव्हा खाली गेलेल्या माणसाचा जीव वरच्या माणसाच्या मुठीत. जाळं ज्याचं, दोर त्याच्या हातात. पाणी ज्याचं, बुडी त्याची. इतकी वर्षं कुणी त्यात दगाफटका केला नव्हता.

तो नाथाजीनं केला. असं रंगू म्हणे, आणि ती एकटीच म्हणे.

चैत्र होता, पाणी उतरलेलं. नाथाजीचं जाळं चिंचेत अडकलं आणि त्यानं हाक मारली. ज्ञानू अर्धी भाकरी टाकून उठला. समोरच्या बांधावर रंगू वाकळ धूत होती. भोपळे बांधून केलेल्या तराफ्यावर, सांगडीवर, दोघे गेलेले तिनं पाहिले, नवरा उतरलेला पाहिला. तिला काळजी नव्हती. ज्ञानूसारखा दम तलावावर कुणाचा नव्हता. त्याची आई साळूबाई सांगायची, "माझं पोरगं खाली गेलं की मी तव्यावर भाकरी टाकावी. ती भाजून, उलटून, फुगून निघाली तरी ह्याचा पत्त्या न्हाई." रंगू बघत होती. नाथाजी वाकून हातावर हात टाकत ओढायला लागला, तेव्हा तिला वाटलं, आला धनी. मग उन्हात लखकन काही चमकलं. ते मासे होते. नाथाजी माणूस ओढत नव्हता, जाळं ओढत होता.

वाकळ तिथंच टाकून ती पळाली. बांधावरून पलीकडच्या काठाला जायची वाट टेकाडामागून जाते, तिथून पाणी दिसत नाही. टेकाड ओलांडून ती पोचली तेव्हा ज्ञानू काठावर पालथा पडला होता आणि नाथाजी ऊर बडवून घेत होता.

भोयांचा कारभारी अर्जुना. त्याच्यापुढे पंच बसले. नाथाजी म्हणाला, "दोर हललाच न्हाई कारभारी. जाळं सुटलं म्हनून मी वडलं. मागनं ज्ञानू यील म्हनलं. बघतो तर दोर जड."

"जाळं आदी आलं," रंगू म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलं. माझा धनी हिसका दिल्याबिगर ऱ्हानार न्हाई."

"एवढ्या लांबनं तुला दोर दिसला व्हय पोरी?" अर्जुनानं विचारलं. वाईट हेतूनं नाही, पण विचारलं. दोर तिला दिसला नव्हता. सगळं तिथंच मिटलं. त्या दिवशी आटपाडीचा बाजार होता. नाथाजीच्या जाळ्यातल्या मरळी बाजारात गेल्या.

साळूबाई त्या दिवसापासून मासा खाईना. भोयाच्या घरची म्हातारी, जन्म मासे सोलण्यात गेलेला. "ज्या पान्यानं माझं पोरगं खाल्लं, त्याचा मासा माझ्या तोंडात जानार न्हाई. जाब मिळंपातूर न्हाई." रंगूनंही सोडला.

महिनाभरानं नाथाजी दारात आला. हा माणूस कायम गोड बोलणारा, ओठांत एक आणि पोटात एक. म्हणाला, "वैनी, तुमी बाईमानूस, पोटी लेकरू न्हाई. पान्यावर एक उन्हाळा जाळं पडलं न्हाई की रीतीनं ते शेजाऱ्याकडं येतंय. पन मी तुमास्नी वाऱ्यावर सोडनार न्हाई. तुमच्या घरात मासा कमी पडनार न्हाई."

रंगूला तेव्हा कळलं की हा माणूस मनातल्या मनात चिंचेच्या पाण्यावर जाळं टाकूनही बसलाय. सुंठीवाचून खोकला गेला, असं याला वाटतंय. ती म्हणाली, "भावजी, उन्हाळा सरायला येळ हाय अजून." आणि दुसऱ्या दिवशी कासोटा घालून ती पाण्यात शिरली.

बायका हसल्या. हसणारच, भोयाची बाई मासे विकते, जाळं टाकत नाही. पहिल्या दिवशी भोपळे पोटाखालून निसटले आणि ती नाकातोंडात पाणी जाऊन बाहेर आली. पण माणसाच्या पोटात राग असला की तो भाकरीसारखा पुरतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती सांगड चालवायला शिकली, वारा ओळखायला शिकली, मरळ उडी मारते तेव्हा जाळं कसं ढिलं सोडायचं ते शिकली. लढाईचे दिवस, सूत कंट्रोलात, साऱ्या तालुक्यात मिळत नव्हतं. साळूबाईनं जुनी तीन जाळी उसवून त्यांचं एक विणलं. चिंचेचं पाणी रंगूचं राहिलं. नाथाजीला ते रोज बघावं लागे.

पण एवढ्यावर तिचं भागणार नव्हतं. तिला नाथाजी मेलेला बघायचा होता. हे तिनं देवापाशीही लपवलं नाही. यमाईला नारळ फोडताना तिनं स्पष्ट सांगितलं, "आई, त्याचा दोर एकदा माझ्या हातात दे." बाकी काही मागितलं नाही.

आणि दोर हातात यायला देवीची गरज नव्हती, रीत पुरेशी होती.

पौषातल्या एका सकाळी पश्चिमेचा वारा सुटला होता. रंगूनं जाळं आपल्या पाण्याच्या अगदी हद्दीवर सोडलं. वारं जाळ्याचे भोपळे ढकलत वेशीकडे घेऊन गेलं आणि जाळं वेशीच्या दगडांत जाऊन बसलं. ती काठावर आली, नाथाजीच्या झोपडीसमोर उभी राहिली आणि चारचौघांना ऐकू जाईल अशी हाक घातली, "घरधनी हाय का घरात?"

नाथाजी चिलीम ओढत बसला होता. त्यानं वर बघितलं. रंगूच्या हातात दोराचं वेटोळं होतं. क्षणभर त्याच्या तोंडातनं धूर बाहेर यायचा राहिला. मग तो हसून म्हणाला, "हाय की, वैनी."

तो उतरला. थंडीनं पाणी हाड फोडत होतं. खाली जाताना त्याची नजर तिच्या हातांवर होती. दोन हिसके बसले आणि रंगूनं तत्क्षणी ओढलं. जाळं सुटलं होतं, नाथाजी धडधाकट वर आला, मिशीवरचं पाणी निपटत म्हणाला, "बरं वडता की दोर." रंगू दोर गुंडाळू लागली. तिला फक्त बघायचं होतं की दोर हातात घेतल्यावर काय वाटतं. फार चांगलं वाटलं.

थोड्या दिवसांनी जाळं पुन्हा वेशीत. या वेळी हिसके बसल्यावर तिनं एक श्वास घेतला, तो सोडला आणि मग ओढलं. एवढंच. काठावरच्या कुणाला कळलंही नाही. नाथाजीला कळलं. वर आल्यावर तो तिच्याकडे बघत राहिला आणि ती त्याच्याकडे. सांगायचं कुणाला? काय सांगायचं?

तिसऱ्या वेळी, तो धोंडा बांधत असताना ती सहज म्हणाली, "भावजी, मागल्या बारीला उशीर झाला वाईच. माझं हात भरून आलं व्हतं."

नाथाजीच्या गाठीवरचा हात थांबला. तरी तो उतरला, पण बुडाशी पोचायच्या आतच दोर हिसकायला लागला. दोन नाही, चार, पाच. रंगूनं ओढलं. तो रिकाम्या हातानं वर आला. जाळं खालीच. काठावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "नाथा येशीपातूर गेला आनि पाव्हन्यावानी भाईरनंच परत आला." त्या रात्री त्याला झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे तांबारले होते. रंगूला मात्र गाढ झोप लागली. नवरा गेल्यापासून तशी लागली नव्हती.

जाळं तसंच वेशीत होतं, आणि ते काढून देणं नाथाजीवर बंधनकारक होतं. रंगू रोज सकाळी त्याच्या दारात जाऊन हाक मारायची. पहिल्या दिवशी तो म्हणाला, अंगात कणकण हाय. मग म्हणाला, पाव्हणे आलेत. मग आपल्या भावाला पाठवतो म्हणाला, पण रीतीत भाऊ बसत नाही. शेवटी अर्जुना कारभाऱ्यानं पंच गोळा केले, तलावाच्याच काठाला, बाभळीखाली. थंडीची शेकोटी पेटवली होती. सगळी भोयवस्ती जमली. साळूबाईही काठी टेकत आली आणि एका दगडावर बसली.

"नाथा," अर्जुना म्हणाला, "बुडी मारनार का पानी सोडनार? दोन्हीतलं एक सांग."

"कारभारी, बुडी मारतो. दोर दुसऱ्या कुनाच्या बी हातात द्या."

"का रं? जाळं तिचं, दोर तिचा."

"ती उशिरा वडते."

"एक श्वास," रंगू म्हणाली. "हात भरून आलं व्हतं. बाईमानूस हाय मी, त्येच तर सांगतात भावजी सगळ्यास्नी."

लोक हसले. नाथाजीचा आवाज चढला. "ती मला मारनार हाय, कारभारी. तिच्या डोळ्यात दिसतंय."

"मी कशाला मारीन?" रंगू शांतपणे म्हणाली. इतके दिवस ती या एका प्रश्नासाठी जगली होती. "भावजींनी माझं काय वाईट केलंय? ह्याच पंचात त्यांनी सांगितलं, दोर हललाच न्हाई. मंग त्यांची काय चूक? मी त्यांच्यावर डूख का धरीन? सांगा भावजी. तुमीच सांगा."

सगळे नाथाजीकडे बघायला लागले. ती मारणार नाही म्हणावं तर उतरायला हवं. ती मारणार म्हणावं तर का, ते सांगायला हवं. अर्जुना म्हातारा होता, पण खुळा नव्हता. तो हळूच म्हणाला, "चोराच्या मनात चांदनं, नाथा."

"हलला व्हता," नाथाजी म्हणाला. "दोर हलला व्हता. दोन हिसकं. जाळ्यात मरळी व्हत्या कारभारी, हातभर लांबीच्या. दोर वडायला जाळं सोडलं असतं तर गेल्या असत्या. मला लोभ सुटला. म्हनलं, आदी जाळं घेऊ, मंग लगीच दोर वडू. जाळं घेतलं, आनि दोर वडला, तवा... तवा ज्ञानू..." आणि तो रडायला लागला, नाक पुसत, हमसाहमशी.

रंगूला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आभाळ फाटेल. पण झालं भलतंच. लोकांना त्याची दया यायला लागली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणी म्हणालं, मानूस हाय, लोभ सुटतो. कुणी म्हणालं, कबूल केलं हे लय मोठं केलं. ज्या लोकांनी तिच्या खऱ्या बोलण्याकडे लक्ष दिलं नव्हतं, ते त्याच्या रडण्यावर विरघळले. पंच आपसांत कुजबुजले आणि अर्जुनानं निवाडा सांगितला. नाथाजीनं एक पावसाळा वेशीच्या पाण्यावर जाळं टाकू नये आणि भावकीला जेवण घालावं. जेवण म्हटल्यावर निम्म्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"पोरी, आता मनातनं काढून टाक," अर्जुना म्हणाला.

तिच्या नवऱ्याचा हिशोब मटणाच्या पंगतीत मिटला होता. रंगूच्या अंगाचा असा भडका उडाला की शेकोटी तिला गार वाटली. पण ती ओरडली नाही. म्हणाली, "कारभाऱ्यांचा शबूद मोडनार न्हाई मी. जेवन घालू द्या. पन माझं जाळं अजून येशीत हाय. तेवढं भावजींनी काढून द्यावं. मंग फिटलं."

नाथाजीनं डोळे पुसले. त्याचं मन आता हलकं झालं होतं, सगळं बोलून झालं होतं, आणि इतक्या लोकांच्या देखत ही बाई काय करणार? "देतो वैनी," तो म्हणाला. "शेवटली बुडी."

दोघे सांगडीवर गेले. काठ फार लांब नव्हता, माणसांचे चेहरे ओळखू येत होते. नाथाजीनं धोंडा बांधला, दोर बांधला आणि तिच्याकडे न बघता उतरला. रंगूनं दोर सैल सोडला. थोड्या वेळानं जाळं हललं, भोपळे मोकळे होऊन वर डुचमळले. म्हणजे सुटलं होतं. मग दोराला दोन हिसके बसले.

रंगूनं दोर पायाखाली दाबला आणि दोन्ही हात जाळ्याला घातले.

काठावर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बायका ओरडल्या, "आगं दोर! रंगे, दोर वड!" अर्जुना गुडघाभर पाण्यात शिरला. रंगू जाळं ओढत होती, हातावर हात टाकत, एकेक वाव. भिजलेलं जाळं जड होतं आणि ती एकटी बाई होती, घाई केली असती तरी होणार नव्हती, आणि तिनं घाई केलीही नाही. तळपायाखाली दोर हिसकत होता. तिला प्रत्येक हिसका कळत होता. ज्ञानूनंही असाच हिसकला असेल, ती मनात म्हणत होती, असाच, असाच. दोन वामी जाळ्यातनं वेटोळी घालत सांगडीवर आल्या. जाळ्याचं शेवटचं टोक आणि त्याला बांधलेला दगड वर आला. पायाखालचा दोर निपचित झाला होता.

मग तिनं दोर धरला आणि सगळं बळ लावून ओढला.

नाथाजी वर आला तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले होते. तिनं त्याला केसांना धरून सांगडीवर घेतला. तो ओकला, खोकला, आणि त्याच्या छातीतनं किंकाळीसारखा एक श्वास आत गेला. काठाला लागताच लोकांनी त्याला ओढून घेतला, पालथा घातला, पाठ चोळली, घोंगड्यात गुंडाळून शेकोटीशी बसवला. रंगूपासून सगळे चार हात लांब सरकले. थोड्या वेळानं नाथाजीच्या ओठांवर रंग आला. दात वाजवत तो म्हणाला, "चिलीम द्या रं कुनीतरी." लोकांना एकदम हसू फुटलं. जिवावरचं टळलं म्हटल्यावर माणसाला कशाचंही हसू येतं. अर्जुनानं स्वतः चिलीम भरली, निखारा ठेवला, एक झुरका घेऊन ती चांगली पेटवली.

रंगू ओला दोर हातात घेऊन उभी होती. आता गार वाटायला हवं होतं. ती नाथाजीकडे बघत होती, घोंगड्यातनं हात बाहेर काढून चिलमीची वाट बघणाऱ्या नाथाजीकडे. पण गार वाटलं नाही; बघता बघता ती मनात मघाचा वेळ मोजायला लागली.

"नाथाजी," ती म्हणाली. भावजी म्हणाली नाही. "तू म्हनलास, आदी जाळं घेतलं आनि लगीच दोर वडला. मी बी तेच केलं."

"व्हय," तो म्हणाला. "फिटलं आता, वैनी."

"न्हाई फिटलं. तू जित्ता हायेस."

कुणाला काही उमजेना. अर्जुना चिलीम धरून तिच्याकडे बघायला लागला.

"तू बाप्या मानूस, तुझ्या हातानं जाळं झटक्यात आलं असंल. माझ्या हातानं त्याच्या दुप्पट येळ लागला. तू जन्मभर धूर वडलेला, बुडाशी जायच्या आदीच धाप लागती तुला. आनि तू हितं बसून चिलीम मागतोयस." तिचा शब्द एकेक पडत होता. "एवढ्यात मानूस मरत न्हाई, नाथाजी. मंग माझा धनी कसा मेला?"

शेकोटीत एक काटकी फुटली. दगडावरून साळूबाई बोलली. "माझा ज्ञानू एक भाकरी भाजून व्हईपातूर खाली ऱ्हायचा. आत्ता मी मनात भाकरी टाकली व्हती. उलटायची बी आली न्हवती."

"जाळं सांगडीवर आल्यावर," रंगूनं विचारलं, "दोर पायाखाली किती येळ दाबून धरलास? किती भाकरी?"

नाथाजीनं ते नाकारलं नाही. तो शेकोटीकडे बघत होता, आणि त्याचे डोळे आता कोरडे होते. मघाशी आलेलं रडं कुठल्या कुठे गेलं होतं. चिंचेचं पाणी, पोटी लेकरू नसलेला शेजारी, रीतीनं येणारा वारसा. लोकांच्या मनात एकेक गोष्ट आपापल्या जागी बसत गेली आणि ती बसताना चेहऱ्यांवर दिसत गेली. जाळं मुळात चिंचेत अडकलं कसं, हेही कुणाच्या तरी मनात आलंच असणार.

अर्जुनानं पुढे केलेला हात मागे घेतला. पेटलेली चिलीम त्यानं दगडावर पालथी घातली, ठोकून रिकामी केली आणि बंडीच्या खिशात टाकली. चिलीम बंद म्हणजे माणूस वाळीत, भोयांमध्ये त्यावर निवाडा सांगावा लागत नाही. नाथाजीच्या शेजारी बसलेला त्याचा सख्खा भाऊ उठला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. नाथाजीच्या हाताला कुणी चिलीम दिली नाही, दुसऱ्या दिवशी कुणी आगीसाठी निखारा दिला नाही, त्याच्या बायकोला कुणी पाणवठ्यावर घागर उचलू लागलं नाही. आठवडी बाजाराच्या आत त्यानं झोपडी मोडली. पुढे कधी कुणाला आटपाडीच्या बाजारात पोती वाहताना दिसला म्हणतात. वेशीचं पाणी रीतीनं रंगूकडे आलं, पण त्यावर पुन्हा जाळं पडलं नाही. तिथल्या वामी मनगटाएवढ्या झाल्या म्हणतात, पण बघायला कोण जातो?

पंच बसले होते त्या दुपारी जाळ्यातल्या दोन वामी रंगूनं बाजारात नेल्या नाहीत. राखेत घोळून, सोलून, तिखटजाळ कालवण केलं. ताट साळूबाईपुढे ठेवलं आणि समोर बसली.

"कुठल्या ह्या?" म्हातारीनं विचारलं.

"येशीतल्या."

साळूबाईनं ताटाकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात घातला. तो चावून झाल्यावर रंगूनं आपला घास घेतला. दोघी जेवल्या. साळूबाईनं काटे ताटाच्या कडेला नीट रचून ठेवले आणि आणखी एक भाकरी मागितली.